यवतमाळ जिल्ह्यातील हंगामी गीतमेळे

सण, व्रत किंवा कृषिजीवनातील एखादा विधी यांच्या निमित्ताने एकत्र येणारा, प्रसंग संपताच विसर्जित होणारा आणि पुढील वर्षी बहुधा काही निराळ्या माणसांनिशी पुन्हा उभा राहणारा गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांचा समूह म्हणजे हंगामी गीतमेळा. असे मेळे महाराष्ट्रात अन्यत्रही आढळतात. कोकणातील शिमग्याचे खेळे हे त्याचे परिचित उदाहरण होय. तथापि यवतमाळ जिल्ह्यात त्यांचे वैविध्य विशेष आहे. बंजारा तांड्यांवरील होळीचे लेंगीगायन, गोंड व कोलाम वस्त्यांतील दिवाळीपूर्वीची दंडार, मराठी भाषक खेड्यांतील मुलींची भुलाबाईची गाणी आणि पोळ्याच्या झडत्या हे या जिल्ह्यातील त्यांचे प्रमुख प्रकार. अशा मेळ्यास सहसा स्वतंत्र नाव नसते, मानधन नसते आणि कोणी कायमचा प्रमुखही नसतो. भजनी मंडळ, गायनपार्टी किंवा वंशपरंपरेने गाणारे भाट यांच्याहून तो या बाबतीत वेगळा ठरतो. या भागातील लोकसंगीताचा विचार करताना स्थायी मंडळांकडे जितके लक्ष गेले आहे, तितके या मेळ्यांकडे गेलेले नाही; गीतांचा मोठा साठा मात्र त्यांच्याच ठायी आहे.

यवतमाळ जिल्हा वऱ्हाडाच्या आग्नेय भागात असून त्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. व लोकसंख्या २७,७२,३४८ (२०११) आहे. वर्धा व पैनगंगा या त्याच्या सीमेवरील मुख्य नद्या. ब्रिटिश अमदानीत तो वणी (वून) जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या तालुक्यांत बंजाऱ्यांचे तांडे दाट आहेत. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव, कळंब या भागांत गोंड व कोलामांची वस्ती आहे. पुसद-उमरखेडकडे मराठी बोलणारे आंध आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण जिल्ह्यात सु. १८·५ टक्के होते. मराठीची वऱ्हाडी बोली, राजस्थानीशी जवळचे नाते असलेली गोरबोली आणि द्राविड कुलातील गोंडी व कोलामी अशा चार भाषांत येथील मेळे गातात. त्यांची दैवते, वाद्ये व चाली भिन्न आहेत. त्यांना एका सूत्रात आणणारी गोष्ट म्हणजे कोरडवाहू कापूसशेतीचे वेळापत्रक.

जूनच्या पावसावर सरकी टोबली की निंदण-डवरणीत श्रावण सरतो. बैलांची कामे ओसरतात त्या श्रावण अमावास्येस पोळा येतो व झडत्या म्हटल्या जातात. भाद्रपद पौर्णिमेस भुलाबाई बसते आणि आश्विनातील कोजागरीस तिचा उत्सव संपतो. भुलाबाई उठते त्याच सुमारास आदिवासी वस्त्यांत दंडारीचा काळ सुरू होतो व तो दिवाळीपर्यंत चालतो. पुढे कापसाची वेचणी जोरात असते. या महिन्यांत घरातील सर्वांचे हात शेतात गुंतलेले असल्याने मोठा मेळा उभा राहत नाही. याच काळात स्थायी भजनी मंडळांचे सप्ताह व पुण्यतिथ्या मात्र ठिकठिकाणी होतात. फाल्गुनात शेते मोकळी होऊन पऱ्हाट्या उपटल्या गेल्या की होळी व लेंगी. मेळ्यांचे हंगामी स्वरूप हे अशा रीतीने धार्मिक पंचांगाइतकेच श्रमाच्या विभागणीतून आलेले आहे.

यांपैकी लेंगी हा सर्वांत समृद्ध प्रकार. बंजारा समाज मूळचा बैलांच्या पाठीवरून मीठ, धान्य इत्यादींची वाहतूक करणारा. लदेणी म्हणजे मालाने लादलेल्या बैलांचा काफिला आणि तांडा म्हणजे त्या काफिल्याबरोबर चालणारा समूह. एकोणिसाव्या शतकात रेल्वे व पक्क्या सडका झाल्यावर हा व्यापार मोडला, बंजारे शेती व मजुरीकडे वळले, आणि तांडा हा शब्द स्थिर वस्तीस लागू झाला. लेंगीतून लदेणीच्या दिवसांचे, मार्गांचे व बैलांचे उल्लेख आजही येतात. बहुतेक गाणाऱ्यांनी तो प्रवास पाहिलेला नाही, किंबहुना त्यांच्या आजोबांनीही क्वचितच पाहिला असेल; असे असूनही त्यातील शब्दसंपत्ती टिकून आहे, ती प्रामुख्याने या गीतांमुळे. संत सेवालाल महाराजांचे स्तवन, कृष्णकथा, दीर-भावजयीची थट्टा, नायकाची स्तुती व कधी त्याची टिंगलही, असे लेंगीचे विषय असतात. जिल्ह्याच्या पश्चिमेस वाशिम जिल्ह्यात असलेले पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे स्थान या परिसरातील तांड्यांचे श्रद्धाकेंद्र असून गीतांतही त्याचा निर्देश येतो.

होळीच्या आधी काही दिवस रात्री तांड्याच्या मोकळ्या जागेत लेंगीस प्रारंभ होतो. तांड्याच्या नायकाची संमती घेण्याची पद्धत आहे. होळी खेळणाऱ्या पुरुषांस गेरिया व स्त्रियांस गेरणी म्हणतात. राजस्थानातही होळीच्या खेळास व नृत्यास गेर हीच संज्ञा असून, समाजाचे उत्तरेकडील मूळ सुचविणारा हा एक लहानसा भाषिक पुरावा ठरतो. डफ व नंगारा यांच्या ठेक्यावर पुरुष रिंगण धरतात. एक जण ओळ टाकतो, अर्धे रिंगण ती झेलते, उरलेले अर्धे ती परत करते. ओळ फिरत असताना म्होरक्या पुढची ओळ मनात जुळवितो. म्होरकेपण कोणाकडे कायम नसते. ज्यास ओळ सुचते तो पुढे होतो आणि त्याचा दम संपला की दुसरा त्याची जागा घेतो. स्त्रियांचे रिंगण स्वतंत्र असते व दोन्ही रिंगणांत सवाल-जवाब रंगतात. बंजाऱ्यांची होळी पहाटे पेटविली जाते. त्यामुळे आदल्या रात्रीचे गायन रात्रभर चालते.

दुसऱ्या दिवशी धुंड हा विधी होतो. मागील होळीनंतर ज्या घरी मुलगा जन्मला असेल, तेथे गेरिये जातात. बालकास घेऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावर काठी आडवी धरून तीवर इतर काठ्यांनी ताल देत आशीर्वादपर गीत म्हटले जाते. घरधनी गेरियांस खाऊ व पैसे देतो आणि जमलेल्या पैशांतून तांड्याची मेजवानी होते. गेरियांच्या समूहाचे आर्थिक व्यवहार येथेच सुरू होऊन येथेच संपतात. पुढील वर्षासाठी शिल्लक अशी राहत नाही. बंजारा समाजात वंशावळी व पूर्वजांच्या कथा गाणारे ढाडी हे पिढीजात गायक आहेत. त्यांचे गाणे ठराविक घराण्यांशी बांधलेले असते व त्याबद्दल त्यांस दान मिळते. लेंगीवर तसा कोणाचाच हक्क नाही. म्हणूनच ढाडींच्या गीतांचे पाठ बरेचसे स्थिर राहिले, तर लेंगीत दर वर्षी नवी भर पडत गेली.

गोंडांच्या संगीतव्यवस्थेतही हाच दुपदरी आकृतिबंध दिसतो. परधान हे गोंड कुळांचे परंपरागत गायक. त्यांचे किंगरी हे गजाने वाजवावयाचे तीन तारांचे वाद्य प्रसिद्ध आहे. कुळदेवतेच्या उत्सवात आपल्या यजमान कुळाची उत्पत्तिकथा गाणे हे त्यांचे काम. याउलट दंडारी हा गावातील तरुणांचा मेळा असून तो आश्विन पौर्णिमेच्या सुमारास बांधला जातो आणि दिवाळीच्या अमावास्येनंतर मोडला जातो. त्यातील घुसाडी हे पात्र सर्वांत लक्षवेधी असते. अंगाला राख, खांद्यावर कातडे, हातात दंड व मस्तकी मोरपिसांचा भव्य टोप असा त्याचा वेष असतो. स्त्रीवेषातील मुलेही मेळ्यात नाचतात. ढोल, परा व पेपरे ही प्रमुख वाद्ये. मोरपिसांचा टोप हा या मेळ्याचा जवळजवळ एकमेव कायम ठेवा असतो. तो पूजनीय मानून जपून ठेवतात व पुढच्या पिढीकडे सोपवितात.

दंडारी आपल्या गावी थांबत नाही. ती पायी दुसऱ्या गावी जाते, तेथे रात्रभर नाचते, यजमान गाव तिला जेवण देते व पुढे केव्हा तरी तीच भेट परत करते. ज्या गावांशी सोयरीक होऊ शकते तेथे जाण्याकडे कल असल्याने विवाह जुळण्याच्या दृष्टीनेही या फेऱ्यांना महत्त्व असे. क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात तत्कालीन हैदराबाद संस्थानातील आदिलाबादच्या गोंडांचा अभ्यास केला. त्याच्या ग्रंथांत परधानांची परंपरा व दंडारी यांची माहिती मिळते. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील गोंड एकाच सामाजिक जाळ्यातील होते. मात्र नदीच्या उत्तरेचा यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, तर दक्षिणेकडील प्रदेश हैदराबादेत. राज्यपुनर्रचनेत यवतमाळ मुंबई राज्यात आला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि किनवटचा भाग नांदेडला जोडला गेला. २०१४ पासून पलीकडचा काठ तेलंगणात आहे. राज्यसीमा इतक्या वेळा बदलूनही नात्यागोत्याचे व्यवहार तुटले नाहीत. सांस्कृतिक मान्यता मात्र सीमेनुसार विभागली गेली. घुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ती तेलंगणातील कलावंत म्हणून. त्या राज्यात या नृत्यास जी ओळख लाभली, ती केळापूर वा झरी-जामणीकडील दंडारीस लाभलेली नाही.

कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. पोडाच्या मध्यभागी चावडी असते व सामुदायिक विधी तेथे होतात. दंडारीचा नाचही तिच्यासमोर रंगतो. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात असून अन्य दोन कातकरी व माडिया गोंड हे होत. या डोंगराळ मुलखात स्थानिक देवतांचे पुजारीपण गोंडांनीही अनेकदा कोलामांकडे सोपविलेले असे. त्यामुळे दोन्ही जमातींच्या उत्सवांचा परस्परांशी संबंध येतो. कोलामी भाषेचे शास्त्रीय वर्णन मरी एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी वर्धा भागातील बोली आधारभूत धरली होती. मराठीत भाऊ मांडवकर यांनी या जमातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. विदर्भाच्या पूर्व भागात, विशेषतः झाडीपट्टीत, दंडार या शब्दाने सोंगे व संवाद असलेले लोकनाट्य सूचित होते. यवतमाळकडील गोंड-कोलामांची दंडार ही मुख्यतः नृत्यगीत आहे. नामसादृश्यामुळे दोहोंची गल्लत पुष्कळदा केली जाते.

मराठी भाषक खेड्यांत भुलाबाई व भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली महिनाभर सायंकाळी घरोघरी टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. भुलाबाई म्हणजे पार्वती व भुलोजी म्हणजे शंकर. सासर-माहेर हा गाण्यांचा मुख्य विषय, आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखण्याची चढाओढ. मुलगी सासरी गेली की तिचे त्या मेळ्यातील स्थान संपते. म्हणून या मेळ्यात शिकविणाऱ्याही मुलीच असतात, त्यांचे वय शिकणाऱ्यांहून चार-दोन वर्षांनी अधिक असते इतकेच. खानदेशातही हा उत्सव प्रचलित आहे.

झडती ही गायनापेक्षा पठणाला जवळची. पोळ्याच्या दिवशी गावाच्या शिवेजवळ आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या केल्या की तोरण तुटण्यापूर्वी कोणी तरी पुढे होऊन यमकबद्ध ओळी खड्या आवाजात म्हणतो, जमाव महादेवाच्या गजराने त्यास साथ देतो व लगेच प्रतिपक्षाचा दुसरा झडतीकार उत्तर देतो. जुन्या झडत्यांत शिवपार्वती, नंदी व बैलांचे गुणवर्णन अधिक असे. पुढे त्यांत शेतमालाचे भाव, सावकार, बोगस बियाणे, पुढाऱ्यांची आश्वासने हे विषय शिरले. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीन दशके चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, तिच्यातील चुकाऱ्यांचा विलंब व योजना संपल्यावरची भावाची अनिश्चितता यांचा अनुभव ज्या शेतकऱ्यांनी घेतला, त्यांच्याच तोंडी झडती असल्याने हा बदल स्वाभाविक होता. शेतकरी आत्महत्यांमुळे हा जिल्हा देशभर चर्चेत आला. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. या काळातील दुःखाची दखल झडतीने घेतली आणि तीही विनोदाचा हात न सोडता. वर्षातून एकदाच, भर गावासमोर, तहसीलदारापासून सरपंचापर्यंत कोणाचेही नाव घेण्याची मुभा देणारे हे व्यासपीठ आहे. ती मुभा एका संध्याकाळीपुरतीच असते, आणि झडतीचा धारदारपणा बहुधा त्यामुळेच टिकला आहे. ट्रॅक्टरच्या प्रसाराने गावोगावी बैलजोड्या घटल्या असून तोरणाखालची गर्दीही त्या प्रमाणात विरळ झाली आहे.

या हंगामी मेळ्यांच्या शेजारी स्थायी मंडळांची परंपरा भक्कम आहे. तीस सर्वाधिक चालना राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९–११ ऑक्टोबर १९६८) यांच्या कार्याने मिळाली. अमरावती जिल्ह्यातील यावली हे त्यांचे जन्मस्थान व मोझरी येथील गुरुकुंज हे कार्यकेंद्र. खंजिरीच्या साथीने गावयाच्या त्यांच्या मराठी-हिंदी भजनांनी विदर्भातील गावे भारली गेली आणि गुरुदेव सेवामंडळाच्या शाखांतून सामुदायिक प्रार्थना व भजन यांना नियमितपणा आला. नियमित सराव, पेटी-खंजिरीची मालकी, सभासदांची यादी, गणवेश व स्पर्धा ही सर्व स्थायी मंडळाची लक्षणे या भजनी मंडळांत आढळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर विदर्भात भीमगीतांच्या पार्ट्या व कव्वालीचे सामने यांचा मोठा विस्तार झाला. गावकीच्या नात्याने कराव्या लागणाऱ्या वादनाचा अनेक ठिकाणी त्याग करण्यात आला. नव्या गीतांत त्या त्यागाचा अभिमान व्यक्त होतो. हंगामी मेळ्यांकडे केवळ जुने व निर्मळ म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजू ध्यानी घ्यावयास हवी. मेळ्यात कोणी वाजवावयाचे आणि कोणी रिंगणात यावयाचे, हे पूर्वी पुष्कळदा जातीने ठरत असे.

स्थायी मंडळ व हंगामी मेळा यांतील माणसे मात्र परस्परांस परकी नाहीत. भजनी मंडळात ढोलकी धरणारा पोळ्यास झडतीकाराच्या पाठीशी उभा राहतो, लग्नसराईत बँजो पथकात वाजवितो आणि गणेशोत्सवात संदलच्या ताशामागे चालतो. मंडळात त्यास ठरलेली भजने ठरलेल्या चालीत म्हणावी लागतात; मेळ्यात चुकण्याची मोकळीक असते. सिनेमातील चाल भजनात आणणे शिष्टसंमत नसले तरी लेंगीत वा झडतीत तसे करण्यास कोणी अडवीत नाही. नव्या चाली प्रथम मेळ्यात रुजून नंतर मंडळाच्या गाण्यात झिरपतात, असे या देवघेवीचे स्वरूप आहे.

या मेळ्यांपुढील आजची मुख्य अडचण आवडीच्या अभावाची नसून उपस्थितीची आहे. पुसद, महागाव, उमरखेड भागांतील अनेक तांड्यांवरील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी वा शहरातील बांधकामांवर जातात. गळिताचा हंगाम होळीपर्यंत व काही वर्षी त्यापुढेही लांबतो. रिंगण धरण्यास माणसे लागतात, आणि ओळ झेलणारे दोन्ही अर्धे भरले नाहीत तर लेंगी उभीच राहत नाही. एकट्यादुकट्याने ती म्हणता येते, पण तिचे सवाल-जवाबाचे अंग लोपते. ध्वनिवर्धकावर मुद्रित लेंगी लावून होळी साजरी करण्याची प्रथा यातून बळावली आहे. अलीकडे लेंगीच्या स्पर्धा भरतात. त्यांतून तरुणांस प्रोत्साहन मिळते हे खरे. परंतु तेथे मोजके गायक, ठरलेला वेळ व एकसारखे वेष अपेक्षित असल्याने भाग घेणारा गट हळूहळू स्थायी पार्टीचे रूप घेतो. त्यात नवी ओळ जुळविण्यापेक्षा बसविलेली ओळ बिनचूक म्हणण्यास महत्त्व येते.

दुसरी अडचण नोंदींची. यवतमाळ येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७३ च्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर हे गीतकार होते, तर २०१९ च्या संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे या लोकसाहित्याच्या अभ्यासक. गीत आणि लोकगीत यांचे असे दोन जाणकार या नगरीस लाभावेत हा योगायोग सुखद खरा, पण जिल्ह्यातील मेळ्यांच्या गीतांचे भाषावार व तालुकावार संकलन अद्याप व्हावयाचे आहे. गोरबोलीस स्वतःची रूढ लिपी नाही. ती महाराष्ट्रात देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत व कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. परिणामी एकाच लेंगीचे पाठ ताडून पाहणे अभ्यासकास कठीण जाते. कोलामीच्या बाबतीत ती बोलणाऱ्यांची संख्याच थोडी आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्य शासन अनेक दशके राबवीत आहे. तिच्यासाठी कलाक्षेत्रातील दीर्घ कार्याचे पुरावे सादर करावे लागतात. भजनी मंडळाच्या सभासदाकडे स्पर्धेची प्रमाणपत्रे, छायाचित्रे, वर्तमानपत्रातील कात्रणे असतात. चाळीस होळ्यांत ओळ टाकलेल्या गेरणीकडे किंवा तितक्याच दिवाळ्यांत पेपरे वाजविलेल्या गोंड वादकाकडे यांतील काहीच नसते. ज्या मेळ्यात त्यांनी कला दाखविली, त्यास नाव नव्हते, नोंदवही नव्हती, आणि त्यातील साक्षीदार दर वर्षी आपापल्या घरी परतलेले असत.